वाटी बदलायची का? कुठली, कधी आणि कुणाच्या पैशानं

(प्रभागसंघाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलणाऱ्या ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांचं बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे. शेवटी सभेतले काही प्रश्न घेतले आहेत.)

बसून घ्या सगळ्या. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी खुर्च्या ओढून घ्या, लाजू नका. आजचा विषयच तो आहे.

अध्यक्षताईंनी मला बोलावलं त्याचं कारण सांगते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गटाकडे कर्जाचे अर्ज यायला लागलेत. कुणी सासूसाठी मागतंय, कुणी आईसाठी, एका ताईंनी तर स्वतःसाठीच मागितलंय. आणि प्रत्येकीला दवाखान्यात वेगळंच सांगितलेलं. एकीला म्हणे अर्धीच वाटी बदलू, दुसरीला रोबोटनं करू, तिसरीला सोन्याच्या रंगाची वाटी दाखवली, चौथीला दोन्ही पाय एकदमच उरकून टाका म्हणाले. आता गटानं काय समजायचं? कर्ज द्यायचं तर कशाला द्यायचं? म्हणून आज आपण एकेक पर्याय उघडून बघू.

पहिल्यांदा वाटी या शब्दाचं बघू. आपण म्हणतो 'वाटी बदलली'. खरं तर बहुतेक वेळा वाटी बदलतच नाहीत. मांडीचं हाड खाली जिथं संपतं आणि नडगीचं हाड वर जिथं सुरू होतं, तिथं दोन्हींच्या टोकांवर एक गुळगुळीत, पांढरा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. वयानं, वजनानं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून, डोक्यावर हंडे वाहून तो झिजतो आणि हाडावर हाड घासायला लागतं. ऑपरेशनमध्ये ही झिजलेली टोकं थोडी तासतात, त्यावर धातूची टोपी बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. दाताला कॅप बसवतात ना, तसंच समजा. पुढची वाटी काही डॉक्टर तशीच ठेवतात, काही तिच्या मागे छोटं प्लास्टिकचं बटण लावतात.

दुसरा शब्द, 'वंगण संपलं'. हे ऐकलं की बाई घाबरते आणि वंगणाची सुई घ्यायला तयार होते. ही सुई महाग असते आणि मोठमोठ्या अभ्यासांत तिचा फायदा फार थोडा दिसला आहे. स्टिरॉइडची सुई वेगळी. तिनं काही आठवडे, कधी दोन-तीन महिने दुखणं कमी होतं. पण ज्यांना मधुमेह आहे त्यांची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, आणि सुई घेतल्यावर साधारण तीन महिने तरी सांधा बदलायचं ऑपरेशन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना गावातल्या कुणाकडून 'थोडा आराम पडेल' म्हणून सुई टोचून घेऊ नका. आणि घेतलीच असेल तर मोठ्या डॉक्टरांपासून लपवू नका.

आता बिनऑपरेशनचा पर्याय. हा सांगितला की तुमची तोंडं पडतात, मला माहीत आहे. 'व्यायाम काय सांगताय ताई, दिवसभर शेतात राबतो तो व्यायामच की!' राबणं वेगळं. राबताना गुडघा झिजतो. मी म्हणते तो व्यायाम मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देतो, म्हणजे भार स्नायू घेतो आणि सांध्याला उसंत मिळते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघा तिच्यावर दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, खाली ठेवायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. रोज, दोन्ही पायांनी, निदान तीन महिने. आठ दिवस करून 'फरक नाही' म्हणणाऱ्या माझ्याकडे खूप येतात.

यानं किती फरक पडतो? डेन्मार्क देशात शंभर लोकांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. सगळे असे की ज्यांचा गुडघा बदलण्यासारखा झाला होता. पन्नास जणांचं ऑपरेशन केलं आणि व्यायामही दिला. उरलेल्या पन्नास जणांना नुसता व्यायाम, आहार, बुटातला आधार आणि गोळ्या. वर्षानं बघितलं तर ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त पडला, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्यांच्यात गंभीर त्रासही जास्त झाले. आणि नुसत्या व्यायामवाल्या पन्नासांपैकी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं फक्त तेरा जणांनी. बाकीच्यांचं त्या वर्षी त्याशिवाय भागलं. म्हणजे ऑपरेशन चांगलंच आहे, पण घाईचं नाही. गुडघा म्हणजे काही अपेंडिक्स नाही की आज रात्री कापलं नाही तर जीव जाईल. कुणी 'या आठवड्यात करा, नाहीतर पाय कायमचा जाईल' म्हणालं तर उठून दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

वजनाचंही सांगते. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जणी चुकीच्या हातात धरतात.

मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाणाऱ्या बायाही इथं बसल्यात. त्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड खराब होतं. ऑपरेशनला घाबरून पाच वर्षं रोज गोळी खाणं हे ऑपरेशनपेक्षा सुरक्षित आहे असं समजू नका.

आणि आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं! वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठी आपल्याच तालुक्यात आहेत, लांबून लोक येतात. जावं की नाही, असं मला सारखं विचारतात. जा. गरम पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, दोन दिवस बरं वाटतं. झिजलेली कूर्चा मात्र परत उगवत नाही. मधुमेहानं ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांनी जरा सांभाळून, कारण पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही आणि फोड येतात.

आता ऑपरेशनांकडे येऊ. त्याआधी एक छोटी गोष्ट जिच्यावर सगळं ठरतं, ती म्हणजे एक्स-रे. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा असतो. पलंगावर आडवं झोपवून काढला तर हाडांमधली फट मोकळी दिसते आणि झीज किती ते कळतच नाही. तिथल्या माणसाला आधीच सांगा, 'उभं राहून काढा, दोन्ही पायांचा'. वयस्कर बाईच्या झिजेसाठी एमआरआय बहुतेक वेळा लागत नाही. तो कशासाठी हवाय, हे विचारायला लाजू नका.

पहिलं ऑपरेशन, दुर्बिणीतून गुडघा 'धुऊन' घेणं. स्वस्त असतं, छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून आवडतं. याची एक मोठी परीक्षा अमेरिकेत ह्यूस्टनला झाली, २००२ साली छापली गेली. एकशे ऐंशी रुग्ण होते. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा धुऊन खरवडला आणि काहींना भूल देऊन नुसत्या कातडीवर चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. कुणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांत फरक नाही! मार लागून गादी फाटली आणि गुडघा अडकतो, अशा तरुण माणसाची गोष्ट वेगळी. पण वयाच्या झिजेसाठी धुण्याला पैसे घालू नका, एवढं मी ठामपणे सांगते.

दुसरं, हाड कापून पाय सरळ करणं. हे आपल्या बायकांना कुणी सांगतच नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे बहुतेक जणींचा गुडघा आतल्या बाजूनं झिजतो. पाय बाहेर धनुष्यासारखे वाकतात, दोन गुडघ्यांमध्ये फट पडते. बाई पंचेचाळीस-पन्नासची आहे, शेत आहे, गोदामात उभ्याचं काम आहे, अजून पंधरा वर्षं राबायचंय. अशीला पूर्ण सांधा बदलला तर तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, पट्टी-स्क्रू लावून पाय सरळ करतात. भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर सरकतो. सांधा स्वतःचाच राहतो, म्हणून हाड जुळल्यावर खाली बसणं, कष्टाची कामं बऱ्याच जणींना पुन्हा जमतात. तोटा म्हणजे हाड जुळायला काही महिने जातात, तेवढे दिवस पाय जपावा लागतो. साधारण साठीच्या आतल्या, एकाच बाजूनं झिजलेल्या बायांनी डॉक्टरला हे नक्की विचारावं. सत्तरच्या आजींसाठी हे नाही.

तिसरं, अर्धा सांधा. एकाच बाजूची झीज, आतल्या दोऱ्या शाबूत, पाय फार वाकडा नाही, तर फक्त ती बाजू बदलतात. चीर लहान, माणूस लवकर चालतो, गुडघा जास्त नैसर्गिक वाटतो. इंग्लंडमधल्या पाचशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी अर्धा काय आणि पूर्ण काय, आराम जवळपास सारखाच निघाला. पण टिकाऊपणात पूर्ण सांधा पुढे आहे. अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली हिशेब मांडला गेला, त्यात पंचवीस वर्षांनी शंभरातले साधारण ब्याऐंशी पूर्ण सांधे टिकून होते आणि अर्धे सांधे सत्तरच्या आसपास. मला विचाराल तर अर्धा सांधा त्याच डॉक्टरकडून करून घ्यावा जो तो नेहमी करतो. 'महिन्यातून असे किती करता?' हा प्रश्न उद्धट नाही.

चौथं, पूर्ण सांधा बदल. झीज सगळीकडे पसरलीय, रात्री झोपेतही दुखतं, घरातल्या घरात भिंत धरून चालावं लागतं, व्यायाम-गोळ्या सगळं करून झालंय, अशांसाठी हेच. आणि हे चांगलं ऑपरेशन आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजी स्वतः बाजारात जाताना मी बघितल्यात. पण शंभर जणींत दहा ते वीस जणी अशाही असतात की ज्यांचं पूर्ण समाधान होत नाही. कुणाला दुखणं राहतं, कुणाचा गुडघा ताठ राहतो. शंभरात एक-दोघींना जंतुसंसर्ग होतो आणि तो झाला तर फार वाईट. काही वेळा बसवलेला सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. हे सगळं आधी ऐकून घ्यायचं, मगच सही करायची. आणि सही करताना ज्या बाईचा गुडघा आहे तिला विचारायचं, नुसत्या मुलाला नाही.

दोन्ही गुडघे एकदम की एकेक? अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे आपल्या मुंबईतच, ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. देशाच्या पंतप्रधानाचेही दोन गुडघे आठ महिन्यांच्या अंतरानं झाले. एकदम केलं तर भूल एकदाच, दवाखाना एकदाच, खर्च थोडा कमी. पण रक्त जास्त जातं, हृदयावर ताण जास्त येतो. पंचाहत्तरीच्या पुढे किंवा हृदयाचा आजार असेल तर बहुतेक डॉक्टर एकेकच करतात. आणि आपल्या घरात आणखी एक अडचण. दोन्ही पाय एकदम कापले तर सुरुवातीला टेकायला चांगला पाय कुठला? उचलायला घरात दोन माणसं लागतात. सून सकाळी गोदामात आणि मुलगा पॉवरलूमवर, अशा घरात हे कोण करणार, ते आधी ठरवा.

आता नावं आणि रंग. कोबाल्ट-क्रोमची, टायटॅनियमची, झिर्कोनियमची, 'हाय फ्लेक्स' जास्त वाकणारी, सोनेरी. साधी कोबाल्ट-क्रोमची सगळ्यात जास्त वर्षं वापरात आहे आणि वयस्कर माणसाला ती पुरते. निकल धातूची ॲलर्जी असेल, बांगड्या-कानातल्यांनी अंगाला खाज-चट्टे येत असतील, तर डॉक्टरला सांगा, मग वेगळ्या धातूचा विचार होतो. सोनेरी रंग हा वरचा मुलामा असतो, सोनं नसतं. जास्त वाकणाऱ्या सांध्यानं प्रत्यक्षात फार जास्त वाकतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ऑपरेशनआधी तुमचा गुडघा किती वाकत होता आणि नंतर तुम्ही व्यायाम किती केला, यावर ते जास्त अवलंबून. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी आपल्या लोकांसाठी देशातच 'इंडस नी' नावाचा सांधा तयार केला, म्हणजे देशी म्हटलं की कमी प्रतीचं असं धरून चालू नका.

रोबोटचं असं आहे की तो एकटा ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच करतात. रोबोटमुळे हाड जास्त मोजून-मापून कापलं जातं, हे खरं. पण काही वर्षांनी रुग्णाला किती बरं वाटतं, यात अजून मोठा फरक दिसलेला नाही. त्यासाठी वरचे पैसे कर्ज काढून देऊ नका. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी द्यावेत.

किमतीबद्दल एक गोष्ट प्रत्येकीनं लिहून घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तोपर्यंत साधा कोबाल्ट-क्रोमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जायचा. तो ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. टायटॅनियम-झिर्कोनियमचा अडीच लाखांच्या आसपास होता, तो ७६,६०० वर. पुढे हे आकडे थोडेफार बदलत आले, पण मर्यादा आहे ही गोष्ट कायम आहे. सांध्याची किंमत, कंपनीचं नाव, बॅच नंबर बिलात वेगळा लिहून द्यायचा असतो. डब्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून मागा आणि ते कागद आधार कार्डासारखे जपा. पंधरा वर्षांनी काही झालं तर नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतात. आणि हेही समजून घ्या की मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीला आहे. खोली, भूल, डॉक्टरांची फी यांचा आकडा दवाखाना आपला ठरवतो. म्हणून खाजगीत एका गुडघ्याचे दीड-दोन लाख आणि त्याच्या पुढेही सांगतात.

म्हणून कर्जाच्या आधी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच २०२३ साली राज्य सरकारनं सगळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी खुलं करायचं ठरवलं. पिवळं, केशरी, पांढरं, सगळी. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सांधा बदलण्याची ऑपरेशनं त्या यादीत आहेत, पण प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक ऑपरेशन योजनेतून होत नाही. काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली असतात. म्हणून दवाखान्याच्या दारात गेल्यावर आधी आरोग्यमित्र शोधायचा आणि विचारायचं, 'हे ऑपरेशन इथं योजनेत होतं का?' किंवा घरून १५५३८८ वर फोन करायचा. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्डही आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय बघतात. त्याचा फोन १४५५५.

योजना बिनपैशाची असते, म्हणजे आधी भरून नंतर परत मिळतील असं नाही. सांधा, तपासण्या, औषधं, जेवण हे पॅकेजमध्ये असतं. 'योजनेतून करतो पण चांगल्या वाटीचे वरचे पन्नास हजार रोख द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथंच, त्यांच्यासमोरच फोन लावा.

साखर, रक्तदाब, पहिला एक्स-रे यासाठी भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईची केईएम, जे. जे., शीव ही रुग्णालयं. तिथं थांबावं लागतं, खेपा पडतात, कल्याणहून लोकलनं आजींना न्यायचं म्हणजे एक दिवस जातोच. पण हिशेब करा. गटातून दरमहा दोन टक्क्यांनी दोन लाख घेतले तर महिन्याला चार हजार नुसतं व्याज. थांबून, खेपा घालून जे वाचतं ते एवढं आहे. मोफत तपासणी शिबिराच्या बसमधून थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नका. शिबिरात तपासून घ्या, कागद घेऊन घरी या, मग ठरवा.

ग्रामसंघाकडे जोखीमप्रवणता निधी असतो. माझी सूचना अशी, बघा पटते का. प्रत्येकीला मोठं कर्ज देण्याऐवजी ग्रामसंघानं दोन वॉकर आणि दोन कमोडच्या खुर्च्या विकत घेऊन ठेवाव्यात आणि ज्या घरात ऑपरेशन होईल तिथं तीन महिने द्याव्यात. कारण खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. आपल्याकडे संडास देशी. सांधा बदलल्यावर गुडघा साधारण एकशे दहा-वीस अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवर बसायला, जिना चढायला तेवढं भरपूर झालं. पण उकिडवं बसायला ते पुरत नाही, आणि डॉक्टरही नको म्हणतात. म्हणजे चूल ओट्यावर घ्यायची, अंथरूण खाटेवर, मोरीत प्लास्टिकचं स्टूल आणि धरायला भिंतीत दांडा. हे सगळं ऑपरेशनच्या आधी. नंतर नाही.

वेळ कुठली? आवणीच्या दिवसांत नको. चिखलात राहून बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात, टाचांना भेगा असतात, त्यातून जंतू आत जातात. अंगणात घसरायचीही भीती. कापणी-झोडणी उरकून, दिवाळीनंतर करावं. पाय कोरडे, घरात हाताशी माणसं. दात किडलेले असतील तर आधी दाखवा, लघवीला जळजळ असेल तर आधी औषध घ्या, साखर आटोक्यात आणा. तंबाखू-मिश्री बंद. हो, मिश्रीसुद्धा! त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

ऑपरेशनच्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. दुखतं. पहिले सहा आठवडे व्यायामाचे, तेव्हा गुडघा वाकवला नाही तर तो ताठ बसतो. सून प्रेमानं म्हणते, 'आई, झोपून राहा, मी करते'. त्या प्रेमानं गुडघा बिघडतो. पोटरी सुजून दुखायला लागली, एकदम दम लागला, ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना.

सभेतले प्रश्न

'माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. या वयात करावं का?' नुसत्या वयावरून नाही म्हणत नाहीत. हृदय, मूत्रपिंड, साखर तपासून भूलतज्ज्ञ सांगतील. पण आधी सासूबाईंना विचारा त्यांना काय हवंय. अंगणापर्यंत जायचंय एवढंच असेल तर काठी, व्यायाम आणि उंच खाट यांवरही भागेल. रात्र रात्र झोप नसेल तर गोष्ट वेगळी.

'गणपतीत खाली बसून पूजा?' खुर्चीवर बसून करा. देव रागावत नाही.

'ऑपरेशननंतर आवणीला जाता येईल का?' पूर्ण सांधा बदलल्यावर नाही. बांधावरून चालता येईल, जेवण घेऊन जाता येईल, वाकून तासन्‌तास चिखलात उभं राहायचं नाही. ज्यांचं घर त्यांच्या आवणीच्या मजुरीवर चालतं आणि वय पन्नासच्या आसपास आहे, त्यांनी हाड सरळ करण्याच्या ऑपरेशनचं आधी विचारून घ्यावं. तसं चालेल का ते एक्स-रेवर कळतं. पुढच्या महिन्याच्या सभेला मी आहेच, येताना घेऊन या. उभं राहून काढलेला.